जेट क्वेंचिंग: जड आयनांच्या टकरीत जेटची ऊर्जा जाते कशी आणि कुठे?

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प म्हणून हा विषय घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्वांटम मेकॅनिक्स झालंय आणि कणभौतिकीचा एखादा पेपर होऊन गेलाय, असं धरून चाललो आहोत. काही उत्तरं लांबली आहेत. बहुतेक जण अडकतात ते तिथेच.

जेट म्हणजे काय, आणि ते ‘विझतं’ म्हणजे काय होतं?

दोन प्रोटॉन किंवा दोन अणुकेंद्रकं आदळली, की क्वचित त्यांच्या आतले दोन पार्टन (क्वार्क किंवा ग्लुऑन) समोरासमोर भिडतात आणि बीमच्या काटकोनात उसळतात. हा पार्टन एकटा टिकत नाही. तो ग्लुऑन सोडत जातो, ते ग्लुऑन पुन्हा फुटतात आणि शेवटी डिटेक्टरमध्ये पोचतो एका दिशेने जाणारा हॅड्रॉनांचा (क्वार्क बांधून बनलेल्या कणांचा) झोत. तेच जेट.

शिशाची केंद्रकं आदळतात तेव्हा हा पार्टन जन्मतो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माच्या (सुट्या क्वार्क-ग्लुऑनांच्या अतितप्त द्रव्याच्या) पोटातच. या प्लाझ्माचं सुरुवातीचं तापमान काहीशे एमईव्ही असतं. सुमारे १५६ एमईव्हीला, म्हणजे १.८ लाख कोटी केल्व्हिनला, त्याचे पुन्हा हॅड्रॉन होतात. या सगळ्याला साधारण १० फेम्टोमीटर अंतर कापायला प्रकाशाला लागतो तेवढा वेळ मिळतो: ३.३ × १०^(−२३) सेकंद. तेवढ्यात बाहेर पडताना पार्टन जी ऊर्जा प्लाझ्मात सांडतो, तिच्यामुळे जेट अशक्त होतं. यालाच जेट क्वेंचिंग म्हणतात. कल्पना ब्योर्केन यांनी १९८२ मध्ये मांडली होती. ब्रुकहेवनच्या ऱ्हिक कोलायडरवर २००१-०२ च्या सुमारास ती पहिल्यांदा मोजमापात दिसली. सर्नच्या एलएचसी कोलायडरमध्ये शिशाची पहिली टक्कर नोव्हेंबर २०१० मध्ये झाली, आणि त्याच महिन्यात तिथल्या अॅटलास प्रयोगाने एक जेट दणदणीत आणि समोरचं मरतुकडं अशा जोड्या दाखवल्या.

ऊर्जा जाते नेमकी कशी? प्लाझ्मातल्या कणांना धडकून?

धडकूनही जाते, पण मुख्य वाट ती नाही. ब्योर्केन यांचा मूळ हिशोब धडकांचाच होता आणि त्यातून येणारी घट प्रति फेम्टोमीटर तशी लहान निघते. वेगवान, हलक्या पार्टनची बहुतेक ऊर्जा जाते ग्लुऑन उत्सर्जित करण्यात. धडकेने पार्टन जरा वळतो, आणि वळला की ग्लुऑन सोडतो.

हा ग्लुऑन तत्काळ सुटा होत नाही. मूळ पार्टनपासून वेगळा व्हायला त्याला वेळ लागतो. त्या वेळात प्लाझ्मात अनेक धडका होतात आणि त्या सगळ्या मिळून एकाच धडकेसारख्या वागतात. म्हणून उत्सर्जन धडकांच्या संख्येइतकं होत नाही, दबलं जातं. याला एलपीएम परिणाम म्हणतात. दर फेम्टोमीटरमागे आडव्या संवेगाचा वर्ग सरासरी जेवढा वाढतो त्याला क्यू-हॅट म्हणायचं. मग ज्या ग्लुऑनचा घडण्याचा वेळ प्लाझ्माच्या लांबीएवढा असतो, त्याची ऊर्जा येते अर्धा गुणिले क्यू-हॅट गुणिले लांबीचा वर्ग. सरासरी घट ठरते ती या सर्वांत जास्त ऊर्जेच्या ग्लुऑनांवरून, म्हणून तीही लांबीच्या वर्गाने वाढते.

ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता गर्दीच्या उलट निघालेल्या माणसाची उपमा वर्गात हमखास ऐकू येते. धडकांपुरती ती ठीक आहे. पण पूल दुप्पट लांब झाला तर दमछाक दुप्पट होईल. इथे घट चौपट होते. अहवालात ही उपमा नको.

ठीक, पण आकडा किती? कागदावर काढता येतो का?

येतो, आणि काढलाच पाहिजे. स्थिर, न पसरणाऱ्या प्लाझ्मासाठी सरासरी घट = (अल्फा-एस × रंगगुणक ÷ ४) × क्यू-हॅट × लांबीचा वर्ग. क्वार्कचा रंगगुणक ४/३, ग्लुऑनचा ३. अल्फा-एस, म्हणजे प्रबळ बलाची तीव्रता, ०.३ घ्या. २०१४ मध्ये ‘जेट कोलॅबोरेशन’ नावाच्या संशोधक-गटाने १० जीईव्हीच्या क्वार्कसाठी, सुरुवातीच्या क्षणी (०.६ फेम्टोमीटर), काढलेले क्यू-हॅटचे आकडे असे: ऱ्हिकवर १.२ ± ०.३ आणि एलएचसीवर १.९ ± ०.७ जीईव्ही-वर्ग प्रति फेम्टोमीटर.

एलएचसीचा १.९ घ्या आणि लांबी ४ फेम्टोमीटर. १.९ × १६ = ३०.४. हे जीईव्ही-वर्ग गुणिले फेम्टोमीटर आहे. ऊर्जा हवी तर ०.१९७ ने (एचबार गुणिले सी, जीईव्ही-फेम्टोमीटरमध्ये) भागायचं, आणि दर वर्षी निम्मे जण विसरतात ते हेच. उत्तर १५४ जीईव्ही. क्वार्कचा गुणक ०.३ × १.३३ ÷ ४ = ०.१, म्हणजे घट १५ जीईव्ही. ग्लुऑनसाठी ३५.

हे आकडे फुगलेले आहेत, कारण प्लाझ्मा पसरतो. क्यू-हॅट काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो असं धरलं, तर त्याच्या जागी एक परिणामी सरासरी घालावी लागते: २ ÷ लांबीचा वर्ग, गुणिले (काळ − ०.६) × क्यू-हॅटचं ०.६ ते ४.६ इंटिग्रल. इंटिग्रल येतं १.९ × ०.६ × (४ − ०.६ × २.०४) = ३.१७. परिणामी क्यू-हॅट ०.४ च्या आसपास. आता क्वार्कची घट सुमारे ३ जीईव्ही, ग्लुऑनची ७. एका गृहीतकाने उत्तर पाचपटीने खाली आलं! म्हणून कुठल्याही निबंधात क्यू-हॅटचा नुसता आकडा दिसला, की तो कुठल्या क्षणाचा, कुठल्या ऊर्जेच्या पार्टनचा आणि पसरण कशी धरलीय, हे आधी बघा. शिवाय ही घट एका पार्टनची आहे. जेटमध्ये प्लाझ्माच्या आतच अनेक पार्टन तयार झालेले असतात आणि प्रत्येक जण ऊर्जा सांडतो, त्यामुळे अख्ख्या जेटची घट जास्त असते.

जड क्वार्क कमी ऊर्जा गमावतात, हे खरं का?

हो, पण फार वेगवान नसतील तोवर. वस्तुमान भागिले ऊर्जा एवढ्या कोनाच्या आत जड क्वार्क ग्लुऑन सोडू शकत नाही. या ‘डेड कोन’चं (मृत शंकूचं) थेट निरीक्षण एलएचसीवरच्या अॅलिस प्रयोगाने चार्म क्वार्कसाठी, साध्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत, २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. ऊर्जा वाढत जाते तसा कोन आक्रसतो आणि बॉटम क्वार्कही हलक्यासारखा वागू लागतो.

आर-एए ०.५ आला. म्हणजे जेटने निम्मी ऊर्जा गमावली?

नाही. या विषयातली सर्वांत घट्ट रुतलेली चूक हीच.

आर-एए म्हणजे दोन संख्यांचं गुणोत्तर: शिसे-शिसे टकरीत एका ठराविक पीटीला (बीमला काटकोनातला संवेग) मिळालेले कण किंवा जेट, भागिले प्रोटॉन-प्रोटॉनवरून अपेक्षित असलेले. अपेक्षित आकडा काढताना एका टकरीत किती न्यूक्लिऑन-जोड्या (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या) भिडल्या याने गुणायचं. ५.०२ टीईव्हीला (ही दर न्यूक्लिऑन-जोडीची टक्कर-ऊर्जा), सर्वांत मध्यवर्ती, म्हणजे जवळपास समोरासमोरच्या, १० टक्के टकरींत अशा सुमारे १,६०० जोड्या येतात. ऊर्जेचा यात थेट कुठेही संबंध नाही.

संबंध येतो तो वर्णपटाच्या उतारामुळे. संख्या पीटीच्या −६ व्या घाताने घसरते असं धरा आणि प्रत्येकाची १० टक्के ऊर्जा काढून घ्या. आर-एए होतो ०.९ चा पाचवा घात, ०.५९. २० टक्के काढली तर ०.३३. ऱ्हिकवर उतार आणखी तीव्र आहे, त्यामुळे तिथे २० टक्के घटीलाच आर-एए ०.२५ पर्यंत येतो. उलट, वर्णपट सपाट असता तर ठराविक जीईव्हीच्या घटीचा मागमूसही लागला नसता. ऱ्हिकचा आर-एए आणि एलएचसीचा आर-एए एकाच आलेखावर ठेवून ‘प्लाझ्मा सारखाच’ असा निष्कर्ष काढणारे अहवाल पाहण्यात येतात. तो निष्कर्ष असा निघत नाही.

दुसरी मेख चढउतारांची. १०० जीईव्हीला, घाताचा आकडा तोच ६, प्रत्येक जेटने बरोब्बर १० जीईव्ही गमावले तर आर-एए ०.५६. सरासरी १० च, पण काहींनी २, काहींनी ३० अशी घातांकी विभागणी असेल तर ०.६४. कारण मोजणीत उरतात ती थोडक्यात सुटलेली जेट. जास्त मार खाल्लेली खालच्या, आधीच गर्दीच्या बिनमध्ये (पीटीच्या कप्प्यात) जाऊन हरवतात.

ही घट प्लाझ्मामुळेच, कशावरून? शिशाच्या केंद्रकात आधीच पार्टन कमी असतील तर?

ही शंका रास्त होती, म्हणून ऱ्हिकवर २००३ मध्ये ड्युटेरॉन-सोनं टकरी घेतल्या. ऱ्हिकवर एरवी सोन्याचीच केंद्रकं आदळतात, म्हणजे केंद्रक तेच, प्लाझ्मा (जवळपास) नाही, आणि उच्च पीटीचे कण दबले गेले नाहीत. दुसरा पुरावा त्याहून सरळ आहे. फोटॉन, डब्ल्यू आणि झेड बोसॉन यांना रंगभार (प्रबळ बलाचा भार) नाही, ते प्लाझ्मातून निवांत बाहेर येतात, आणि त्यांचा आर-एए १ च्या जवळ येतो. जुलै २०२५ मध्ये एलएचसीत ऑक्सिजनची केंद्रकं आदळवली. तिथे एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाला भारित कणांचा आर-एए सर्वांत खाली ०.७ च्या आसपास उतरलेला मिळाला. इतक्या छोट्या थेंबातही कण दबलेले दिसतात, हे खरंच लक्षणीय आहे.

मग घट मोजायची कशी?

फोटॉन-जेट जोडीने. फोटॉन आणि पार्टन पाठीला पाठ लावून सुटतात. फोटॉन काहीही न गमावता येतो आणि समोरच्या पार्टनची मूळ ऊर्जा साधारण सांगून जातो. सीएमएसने २.७६ टीईव्हीला ६० जीईव्हीच्या वरचे फोटॉन आणि ३० च्या वरची जेट घेतली. मध्यवर्ती टकरींत जेट भागिले फोटॉन हे गुणोत्तर सरासरी ०.७३ आलं, क्वेंचिंग नसलेल्या सिम्युलेशनमध्ये ०.८६.

यातही एक फट आहे. जे जेट ३० जीईव्हीच्या खाली घसरलं ते सरासरीत येतच नाही. म्हणून सरासरीबरोबर ‘किती फोटॉनांसमोर जेट सापडलं’ हा अंशही दिलाच पाहिजे. दोन्ही आकडे नसतील तर ०.७३ या आकड्याचा उपयोग अर्धाच.

दोन जेटची जोडी जास्त सहज मिळते, पण तिथे दोन्ही जेट मार खाऊन आलेली असतात. असमतोल म्हणजे दोघांच्या घटीतला फरक, एकट्याची घट नव्हे.

हरवलेली ऊर्जा शेवटी सापडते का?

सापडते, भलत्याच ठिकाणी. सीएमएसने २०११ मध्ये अख्ख्या घटनेतल्या (एका टकरीतल्या) कणांच्या संवेगाची बेरीज केली, तेव्हा अशक्त जेटच्या बाजूला ०.५ ते २ जीईव्हीचे बारीक कण, जेटच्या अक्षापासून ०.८ हून लांब (हे कोनीय अंतर), पसरलेले आढळले. म्हणजे ऊर्जा शंकूच्या कडेला सांडलेली नाही, पार दूर गेली आहे. नंतर जेटच्या शंकूची त्रिज्या १.० पर्यंत वाढवून पाहिली, तरी आर-एए फारसा १ कडे सरकला नाही.

या बारीक कणांत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, पार्टनने सोडलेले मऊ ग्लुऑन. दुसरी, खुद्द प्लाझ्माच ओढला जाऊन पुढे सरकलेला भाग, आणि त्याच्या मागे पडलेली पोकळी. डिटेक्टरमध्ये पोचलेल्या पायॉनवर तो कुठून आला हे लिहिलेलं नसतं. एक सोय आहे: झेड बोसॉन घेऊन त्याच्याच बाजूला बघायचं. तिथे जेट नाही, त्यामुळे कणांची तूट दिसली तर ती पोकळीची खूण. या क्षेत्रात सध्या सर्वांत रोचक काम इथे चाललंय, असं आमचं मत.

बॅकग्राउंड वजा करणं एवढं कठीण का?

आकडे बघा. २.७६ टीईव्हीच्या मध्यवर्ती टकरीत दर एकक स्यूडोरॅपिडिटीमागे (बीमशी होणाऱ्या कोनाचं माप) सुमारे १,६०० भारित कण निघतात, ५.०२ ला सुमारे १,९००. अॅलिसच्या मोजमापात २.७६ ला दर एकक क्षेत्रफळामागे भारित कणांचाच पीटी सुमारे १४० जीईव्ही भरतो. त्रिज्या ०.४ च्या जेटचं क्षेत्रफळ ०.५. म्हणजे तुमचं जेट ४० जीईव्हीचं असेल तर त्याच शंकूत ७० जीईव्हीचा कचरा आहे.

सरासरी वजा करणं सोपं. केटी अल्गोरिदमने (जवळचे कण एकत्र करणारी पद्धत) घटनेतले सगळे गठ्ठे करा, सर्वांत जास्त पीटीचे दोन वगळा, बाकीच्यांच्या पीटी भागिले क्षेत्रफळाची मध्यिका घ्या, अँटी-केटीने (जेट शोधायची नेहमीची पद्धत) मिळालेल्या प्रत्येक जेटमधून मध्यिका × क्षेत्रफळ वजा करा. इथे सरासरी घेतली तर खऱ्या जेटमुळे पार्श्वभूमी फुगते, म्हणून मध्यिका.

खरा त्रास चढउतारांचा. त्रिज्या ०.४ ला ते सुमारे ११ जीईव्हीचे आहेत. त्रिज्या ०.२ केली तर निम्म्याहून कमी होतात, म्हणून पहिल्या प्रकल्पाला ०.२ च घ्या. उतार तीव्र असल्याने ३० जीईव्हीची असंख्य जेट चढउतारावर स्वार होऊन ५० च्या बिनमध्ये येतात आणि तिथली खरी जेट अल्पमतात जातात. काही ‘जेट’ तर निव्वळ योगायोगाने जमलेला घोळका असतात. त्यांना हाकलायला जेटमध्ये निदान एक ५ जीईव्हीचा कण असावा, अशी अट घालतात. या अटीने निवड थोडी झुकते. ती प्रोटॉन-प्रोटॉनलाही तशीच लावा, नाहीतर गुणोत्तर निरर्थक.

उरलेलं काम अनफोल्डिंगचं, म्हणजे विस्कटलेल्या वर्णपटावरून मूळ वर्णपट काढण्याचं. रूअनफोल्ड या सॉफ्टवेअरमध्ये बेझियन पद्धत घेतलीत तर पुनरावृत्त्या ३ ते ६ दरम्यान बदलून बघा. २० केल्या की आलेखात करवतीसारखे दात येतात. ते भौतिकशास्त्र नव्हे, सांख्यिकी गोंगाट वाढलेला असतो. एक केली तर उत्तर तुमच्या सुरुवातीच्या गृहीतकालाच चिकटून राहतं.

साध्या लॅपटॉपवर काय काय चालतं?

८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर पिथिया ८ (टकरींचं सिम्युलेशन) आणि फास्टजेट (जेट शोधणं) व्यवस्थित चालतात. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये उबंटू टाका, थेट विंडोजवर झगडू नका.

१०० जीईव्हीची जेट हवीत आणि किमान पीटी-हॅट (मूळ पार्टन-टकरीचा पीटी) शून्य ठेवला, तर रात्रभर चालवूनही हाती काही लागणार नाही. तो ५० च्या आसपास ठेवा. ९० ठेवलात तर १०० च्या आसपासचा वर्णपट कापलेला येईल, कारण खालून वर चढणारी जेट गायब होतात. वजन देऊन निवड (जास्त पीटीच्या घटना मुद्दाम जास्त काढणं) चालू केली असेल तर हिस्टोग्राम भरताना प्रत्येक घटनेचं वजन घालायचं विसरू नका. न घातल्यास वर्णपट संशयास्पद सपाट दिसतो. जेट करण्याआधी न्यूट्रिनो काढा.

पिथियातल्या अँगँटिरने शिसे-शिसे टकरी होतात, पण त्यात प्लाझ्माच नाही. बॅकग्राउंड म्हणून वापरा, क्वेंचिंग शोधू नका. क्वेंचिंगसाठी ज्युएल हा सुरुवातीला बरा: फोरट्रानमध्ये आहे, एलएचएपीडीएफ (पार्टन-वितरणांची लायब्ररी) लागतं, माध्यम साधं आहे. त्यात रिकॉइल कण (धडकेने उडालेले प्लाझ्माचे कण) ठेवायचा पर्याय चालू केलात तर त्यांचा मूळ उष्णतेचा संवेग वजा करावाच लागतो. नाही केला तर जेटचं वस्तुमान वेडंवाकडं येतं. जेटस्केप जास्त समर्थ आहे, पण तीन महिन्यांच्या प्रकल्पात अर्धा वेळ ते बसवण्यातच जाईल.

घटना फाईलमध्ये साठवू नका, डिस्क भरते. जेट त्याच प्रोग्रॅममध्ये शोधा आणि फक्त हिस्टोग्राम ठेवा. एक लाख घटनांचा एक मोठा रन करण्यापेक्षा पाच-पाच हजारांचे वीस करा, प्रत्येकाला वेगळा सीड द्या. पावसाळ्यात वीज गेली तर एकच तुकडा वाया जातो. सीड एकच राहिला तर वीसही तुकडे हुबेहूब सारखे निघतात आणि त्रुटीपट्ट्या खोट्या लहान दिसतात.

खरा डेटा मिळतो का?

प्रसिद्ध झालेल्या आलेखांमागचे तक्ते हेपडेटा या संकेतस्थळावर मोफत आहेत. एम.एस्सी.ला तेवढे पुरतात. सीएमएसचा २०१० आणि २०११ चा शिसे-शिसे डेटा सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर आहे. पण तो वाचायला जुनं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवावं लागतं आणि फाईली अवजड आहेत. घरच्या वायफायवर त्या नादी न लागलेलं बरं.

इथे जवळपास या विषयावर काम कुठे चालतं?

आयआयटी मुंबईचा भौतिकशास्त्र विभाग अॅलिसमध्ये आहे. ठाण्याहून स्लो लोकलने कांजूरमार्ग, पुढे रिक्षा. कुलाब्याची टीआयएफआर सीएमएसमध्ये आहे आणि सीएमएसच्या जागतिक संगणन-जाळ्याचं टियर-२ केंद्रही तिथेच. ट्रॉम्बेचं बीएआरसीही सीएमएसमध्ये आहे, मात्र तिथे आगाऊ परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. ईमेल करताना ‘मला मार्गदर्शन करा’ एवढंच लिहू नका. एक आलेख जोडा आणि एक नेमका प्रश्न विचारा. उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

तीन महिन्यांत पूर्ण होईल असा प्रकल्प कोणता?

आधी टॉय मॉडेल. २० ते ५०० जीईव्हीदरम्यान दहा लाख जेट सारख्या प्रमाणात काढा, प्रत्येकाला पीटीच्या −६ व्या घाताचं वजन द्या (थेट −६ ने काढलीत तर १०० च्या वर जेमतेम तीनशे उरतात), प्रत्येकातून ऊर्जा वजा करा, आर-एए काढा. स्थिर घट, टक्केवारीची घट आणि घातांकी विभागणी, तिन्ही करून बघा. ५० च्या खालचे बिन दाखवू नका, तिथे २० च्या कापाचा परिणाम येतो. १०० जीईव्हीला वर दिलेले ०.५६ आणि ०.६४ मिळाले नाहीत तर पुढे जाऊ नका, चूक कोडमध्ये आहे.

मग −६ च्या जागी पिथियाचा वर्णपट घाला. घटीचा एकच मापदंड मोकळा ठेवून हेपडेटावरच्या अॅटलासच्या ५.०२ टीईव्हीच्या जेट आर-एएशी जुळवा. त्रुटी दोन प्रकारच्या आहेत: काही बिनागणिक स्वतंत्र, काही सगळे बिन एकदम वरखाली सरकवणाऱ्या (ल्युमिनॉसिटी, न्यूक्लिऑन-जोड्यांची संख्या). काय-वर्ग (जुळणी किती चांगली याचं माप) काढताना दोन्ही एकाच वर्गमुळात कोंबू नका. सरकवणाऱ्या त्रुटीला वेगळा मापदंड द्या. नाहीतर काय-वर्ग प्रति स्वातंत्र्य-अंश ०.२ असा ‘सुरेख’ येईल आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच्यावरच पडेल.